साडेपाच ते दहा: नोकरी करणाऱ्यांनी संध्याकाळ कशी सांभाळावी

मी मूळचा राजापूर तालुक्यातला. मिरजोळे एमआयडीसीत नोकरीला लागलो आणि रत्नागिरीत खोली घेऊन राहू लागलो. सहाला सुटून, वाटेत पेट्रोल, रिचार्ज असलं काहीबाही उरकून खोलीवर यायला सात वाजायचे. दुपारचा डबा एकला संपलेला. म्हणजे सहा तास पोटात तीन कप चहाशिवाय काही नाही. मग कोपऱ्यावर दोन वडापाव, अंथरुणावर पडून मोबाईल, दहाला मागवलेला फ्राइड राइस आणि साडेबाराला झोप. सकाळी उठून न खाताच पळायचं. शुक्रवार आला की कुणीतरी म्हणायचंच, "चल, बसूया."

दोन वर्षांत वजन नऊ किलो वाढलं आणि अ‍ॅसिडिटीची गोळी खिशात कायमची आली. मधे दोनदा डाएट सुरू केलं, दोन्ही वेळा सकाळपासून: ओट्स, सॅलड, लिंबूपाणी. दोन्ही वेळा ते संध्याकाळी सात वाजता मोडलं. तेव्हा ध्यानात आलं, की माझा दिवस बिघडतो तो संध्याकाळी, म्हणून दुरुस्तीही तिथूनच सुरू करायला हवी. पुढे लिहिलंय ते त्याच क्रमाने आहे. सगळं एकदम करायला जाऊ नका. एक बदल, त्याला दोन आठवडे, मग पुढचा.

आधी आठवडाभर नुसतं लिहा

वहीत तीन रकाने करा. काय खाल्लं-प्यायलं, किती वाजता, आणि त्याआधी शेवटचं कधी खाल्लं होतं. आठवडाभर काही बदलू नका, फक्त लिहा. खरी गोष्ट तिसऱ्या रकान्यात सापडते. जिथे पाच तासांपेक्षा मोठी खिंड पडली, तिथेच तळलेलं, गोड किंवा ग्लास आलेला दिसेल. माझ्या वहीत सात दिवसांपैकी सहा दिवस तसंच होतं. आपल्या मनाला ताकद नाही म्हणून मी स्वतःला दोष देत होतो, आणि प्रत्यक्षात मी फक्त उपाशी होतो.

साडेपाचला खा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. ऑफिस सुटायच्या आधी, टेबलावर बसूनच खा. मोड आलेले मूग कांदा-लिंबू घालून, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि एक केळं, दोन उकडलेली अंडी, नाचणीचा लाडू, यातलं काहीही चालेल. पावसाळ्यात उकडलेल्या फणसाच्या आठळ्या, थंडीत करांदे (एक प्रकारचे कंद) किंवा रताळी. घरून येताना आईने बांधून दिलेलं हे सगळं डब्याच्या तळाशी पडून सुकायचं, कारण त्याची वेळच ठरलेली नव्हती. आता मोबाईलला गजर लावलाय. पोटात काही असलं की वडापावच्या गाडीवरून सरळ पुढे जाता येतं, आणि मुख्य म्हणजे खोलीवर येऊन स्वयंपाक करायची शुद्ध राहते.

त्या वेळचा चहा मात्र मी सोडला. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा अंश पाच-एक तासांनंतरही शरीरात असतो, त्यामुळे सहाचा चहा रात्री अकरालाही जागं ठेवू शकतो. शेवटचा चहा साडेचारच्या आत. शिवाय जेवणाला लागून चहा घेतला तर जेवणातलं लोह अंगी कमी लागतं. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी, विशेषतः मुलींनी, जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवावं.

सकाळची पेज

संध्याकाळ थोडी सावरली की सकाळी भूक लागायला लागते. ही खूण आहे. ती लागल्याशिवाय न्याहारीच्या मागे लागू नका.

कुकरमध्ये पेज कशी करतो ते नीट सांगतो, कारण "पेजेला वेळ कुणाला आहे" हे मी फार ऐकतो. रात्री झोपताना अर्धी वाटी उकडा तांदूळ दोन पाण्यांनी धुवा. लहान कुकरमध्येच चार वाट्या पाणी घालून भिजत ठेवा. सकाळी उठल्या उठल्या गॅस पेटवा. पाच शिट्ट्या झाल्या की आच मंद करा आणि आंघोळीला जा. दहा मिनिटांनी गॅस बंद. कपडे घालेपर्यंत वाफ जिरते. झाकण उघडलं की उकड्याचा तो जरा धुरकट, भाताच्या खळ्यासारखा वास येतो. शीत दोन बोटांत धरून बघा: मऊ मोडलं पाहिजे, पण शीत म्हणून ओळखू आलं पाहिजे. पळीभर गरम पाणी आणि मीठ आता घाला. मीठ आधी घातलं की पेजेची चव बसते. हातची कामं धरली तरी यात आपली सात-आठ मिनिटंच जातात.

नुसती पेज प्यायलात तर अकराला पुन्हा भूक लागेल, आणि मग दोष पेजेला जाईल. सोबत एक अंडं किंवा दोन चमचे मेतकूट, ओल्या खोबऱ्याचा तुकडा आणि लोणच्याची फोड घ्या. घाईचा दिवस असेल तर नाचणीची आंबील. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तांदूळ-गहू त्याच्या जवळपासही येत नाहीत. ज्यांना दूध झेपत नाही त्यांनी तर नाचणी सोडूच नये.

रविवारचे दोन तास

रोज संध्याकाळी "आज काय करू" हा प्रश्न पडला की हात मोबाईलकडे जातो आणि जेवण मागवलं जातं. त्यामुळे तो प्रश्न रविवारीच सोडवून ठेवायचा. शनिवारी रात्री मूग किंवा मटकी भिजत घालतो, रविवारी सकाळी फडक्यात बांधतो. आपल्या दमट हवेत सोमवारी सकाळपर्यंत मोड येतात. रविवारी दोन नारळ खवून, लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये. कांदा-खोबरं भाजून वाटण करतो आणि तेही चार वाट्यांत वेगवेगळं फ्रीझरमध्ये, म्हणजे एका वेळी एकच वाटी बाहेर काढायची. लसणीची सुकी चटणी एक बरणी. कुळथाचं आणि तांदळाचं पीठ संपत आलं का ते बघायचं. झालं.

एवढं हाताशी असलं की आठवड्याच्या रात्री तीन जेवणांवर निघतात: पिठी-भात, उसळ-भाकरी, आणि वाटण घातलेला अंड्याचा नाहीतर माशाचा रस्सा. प्रत्येकाला वीस-पंचवीस मिनिटं.

पिठी तर सर्वांत सोपी. एका माणसाला तीन चमचे कुळथाचं पीठ कपभर थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. तेलात चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या, एक मिरची, थोडा कांदा परता. लसूण लाल झाली की अर्धा कप पाणी आणि दोन सोलं (सुकवलेली कोकमं) टाका. उकळी आली की कालवलेलं पीठ ओता आणि ढवळत राहा, नाहीतर तळाला धरतं. पाच-सात मिनिटं उकळली की कच्चा वास जातो. वरून खोबरं. कुळथात १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. प्रोटीन पावडरच्या डब्यांवर महिन्याला दोन-अडीच हजार घालवणारे माझे मित्र आहेत. त्यांच्या गावच्या घरी कुळीथ पोत्याने पडलेला असतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

उरलेल्या भाताबद्दल एक कडक सूचना. शिजलेला भात उष्ण हवेत तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात जिवाणूंचं विष तयार होऊ शकतं, आणि ते पुन्हा गरम करून जात नाही. पसरट भांड्यात लवकर निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी संपवा. पावसाळ्यात लाईट रात्रभर गेलेली असेल तर फ्रीजमधला भात आणि मासे यांचा मोह धरू नका. टाकून द्या.

मासे: कधी घ्यायचे, कसे न्यायचे

इथे राहून मासे खायला वेळ नाही म्हणणं मला पटत नाही, पण घाईत घेतलेले मासे किती महागात पडतात तेही मी भोगलंय. एकदा सकाळी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून कामावर जाता जाता चार बांगडे घेतले. ताजे, चकचकीत. पिशवी ऑफिसात एका कोपऱ्यात ठेवली, बर्फ नाही, फ्रीज नाही. संध्याकाळी तिरफळं घालून झकास तिखलं केलं, चवीला काही वावगं लागलं नाही. जेवून अर्धा तास होतो न होतो तोच चेहरा आणि कान लालभडक, डोकं ठणकतंय, अंगावर गांधी उठल्या. डॉक्टरांनी समजावलं ते तेव्हापासून सगळ्यांना सांगतो: बांगडा, तारली, कुपा, सुरमई असे मासे उष्ण हवेत राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं. मासा शिजवला, तळला तरी ते नष्ट होत नाही, आणि वासावरून दर वेळी कळतही नाही. मला माशाची अ‍ॅलर्जी नव्हती. मासा दिवसभर गरम राहिला होता, एवढंच.

म्हणून आता मासे रविवारी सकाळी, नाहीतर ऑफिस सुटल्यावरच घेतो, आणि सरळ खोलीवर जातो. डिकीत जाड पिशवी आणि डबाभर बर्फ असतो. घेताना डोळे उभार आणि पारदर्शक हवेत, कल्ले लाल हवेत, आणि बोटाने दाबलेली जागा लगेच भरून आली पाहिजे. विकणाऱ्या मावशींशी ओळख ठेवा. "मावशी, उद्यासाठी नको, आत्ता शिजवणार आहे," असं सांगितलं की त्या स्वतःच म्हणतात, "मग ह्यो नको बाळा, त्यो घे." साफ करून घ्या. घरी धुऊन, मीठ-हळद लावून, एका वेळच्या वाट्याने फ्रीझरमध्ये.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा सुका जवळा, बोंबील, सोडे. जेवणाची चव एका मुठीत बदलते, पण त्यात मीठ भरपूर असतं. दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुकी मासळी कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून ते पाणी ओतून द्या, आमटीत वेगळं मीठ घालूच नका, आणि त्या दिवशी पापड-लोणचं बाजूला ठेवा.

पाणी आणि कोकम

दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही. अंग थंड होत नाही आणि पाणी मात्र जातं. टेबलावर लिटरची बाटली ठेवा, ती दोनदा रिकामी झाली पाहिजे. उन्हाळ्यात बाहेरच्या कामावर असाल तर तीनदा.

कोकमात एक फरक लक्षात ठेवा. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. तो रोज दोन ग्लास घेणं म्हणजे रोज कोल्ड्रिंकच घेणं. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या घट्ट रसात, साखर नसते, मीठ असतं. मोठा चमचाभर आगळ, ग्लासभर पाणी, जिरेपूड, हवी तर चिमूटभर साखर, एवढ्यावर भागतं. रक्तदाब जास्त असेल तर मीठ न घातलेली सोलं भिजवून त्यांचं पाणी घ्या. सोलकढी करायची ती त्याच वेळी संपवायची, नारळाचं दूध ठेवून टिकत नाही.

बसणं

यावर उघडपणे लिहिलं पाहिजे, कारण माझ्या वयाची मुलं नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत इथेच घसरतात. आधी स्पष्ट सांगतो: दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलंय. न पिणाऱ्याने "थोडी चालते" म्हणून सुरू करण्याचं काही कारण नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं वयाची अट आहे. गोव्याहून परवान्याशिवाय बाटल्या आणणंही गुन्हाच आहे.

जे पितात त्यांनी निदान हिशेब करायला शिकावं. मिलिलिटर गुणिले बाटलीवरचे टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९, म्हणजे शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. व्हिस्की किंवा रमचा ३० मिलीचा लहान पेग ४२.८ टक्क्यांनी १० ग्रॅम. माइल्ड बिअरची ६५० मिलीची बाटली ५ टक्क्यांनी २६ ग्रॅम. ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर ४१ ग्रॅम. क्वार्टर, म्हणजे १८० मिली, ६१ ग्रॅम. म्हणजे "मी फक्त बिअर घेतो" म्हणत एक स्ट्राँग बाटली संपवणाऱ्याने चार लहान पेग घेतलेले असतात. हे मी एकदा टेबलावर कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा सगळे गप्प झाले.

दुसरा हिशेब वेळेचा. शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. क्वार्टर उतरायला सहा ते पावणेनऊ तास. रात्री बाराच्या सुमारास संपवलीत तर सकाळी सहाला बाईकवर बसताना ती अजून अंगात असू शकते. लिंबू, कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी ती लवकर उतरत नाही. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर सापडली की पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण मला दंडापेक्षा आपले रस्ते आठवतात: घाटातली वळणं, पावसातला हायवे, रात्री रस्त्यात बसलेली गुरं.

माझे नियम असे. बसायचा दिवस महिन्यात दोनच आणि तो आधी ठरलेला. कुणाचा मूड गेला, बॉस ओरडला म्हणून बसायचं नाही. त्या दिवशी साडेपाचचं खाणं दुप्पट, कारण रिकाम्या पोटी दारू फार लवकर चढते. जाण्याआधी आकडा ठरवून एका मित्राला सांगायचा. मी दोन लहान पेग सांगतो. प्रत्येक पेगमागे एक ग्लास पाणी. चकण्याला खारे शेंगदाणे आणि फरसाण नको, ते तहान वाढवतात. उकडलेली अंडी, काकडी, भाजलेला मासा मागवा. बाईकची चावी खोलीवरच ठेवून जायची. रत्नागिरीतही रात्री अकरानंतर रिक्षा मिळायची खात्री नसते, म्हणून परत येण्याची किंवा तिथेच झोपण्याची सोय आधी करा. आणि पिऊन समुद्रात कुणी उतरायचं नाही, घोट्याएवढ्या पाण्यातही नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या पाण्याची ओढ माहीत असलेली माणसंसुद्धा यात गेली आहेत.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं तर पाणी, पेज, झोप. रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. भरपूर दारूनंतर पॅरासिटामॉल यकृताला आणि इतर बऱ्याच वेदनाशामक गोळ्या पोटाच्या आतल्या अस्तराला त्रास देतात.

बुधवारीच शुक्रवारची वाट बघायला लागलात, ठरवलेला आकडा दर वेळी मोडायला लागला, किंवा सकाळी हात थरथरायला लागले, तर हे नियम पुरणार नाहीत. डॉक्टरांकडे जा. रोज पिणाऱ्याने मनानेच एका दिवसात बंद करू नये. त्यातून झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. औषधाच्या आधाराने ती सुरक्षितपणे सुटते.

झोप, चालणं, कातडी

रात्रीचं जेवण साडेआठला झालं की झोप आपोआप अकराकडे सरकते. सात तास मिळाले पाहिजेत. मोबाईल मी स्वयंपाकघरात चार्जिंगला लावतो. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं पुरतं. मी तीन दिवस जेवणाआधी भाट्याच्या पुळणीवर चालतो, आणि पावसात खोलीवरच सूर्यनमस्कार घालतो.

पावसाळ्यातल्या दोन गोष्टींकडे मुलं दुर्लक्ष करतात. जांघेत, काखेत नायटा आला की मेडिकलमधून एखादी मिश्र क्रीम आणून लावतात. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं आणि मग नायटा दुप्पट पसरतो, नंतर औषधालाही दाद देत नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि ओले कपडे ऑफिसात दिवसभर अंगावर वाळवू नका, एक जोड टेबलाच्या खणात ठेवा. दुसरं, साचलेल्या पाण्यातून किंवा शेतातून चालल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि पाण्यातून चाललो होतो हे आवर्जून सांगा. तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) असू शकतो, आणि वेळेत ओळखला तर साध्या औषधांनी बरा होतो.

कुणाबरोबर जेवता?

हे मला सर्वांत उशिरा कळलं. मित्रांबरोबर बसायला मी जायचो ते निम्म्या वेळा दारूसाठी नव्हतंच. दिवसभर कुणाशी धड बोलणं झालेलं नसायचं, आणि बसण्याशिवाय भेटायची दुसरी रीत आम्हाला येत नव्हती. तशी रीत पाडा. आठवड्यातला एक दिवस धरा, शुक्रवार सोडून. मन फारच खचलं असेल, झोप उडाली असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. फोन चोवीस तास उचलला जातो आणि मराठीत बोलता येतं.

आमचा दिवस बुधवार. दोघं माझ्याकडे येतात. एकाच्या शेजारच्या वहिनी तांदळाच्या भाकऱ्या करून देतात, त्या तो घेऊन येतो. दुसरा भाताला कुकर लावतो आणि कांदा चिरतो, पिठी माझ्याकडे. साडेआठला खाली बसून जेवतो, भांडी तिघं मिळून घासतो, आणि पाऊस नसला की मांडवीच्या जेट्टीवर जाऊन दहापर्यंत बोलत बसतो.